जुनिपरचे ओगराळे आणि गाओचे शनिवार

मी ओगराळे बोलते आहे. जुनिपरच्या लाकडाचे, लांब दांड्याचे, आणि आता बुडाशी तडा गेलेले. बादलीतले पाणी उचलून सौनातल्या, म्हणजे वाफेच्या स्नानघरातल्या, तापलेल्या दगडांवर ओतायचे, एवढेच माझे काम. परंतु एस्टोनियात ज्या घराला सौना नाही ते घर अपुरेच मानतात. तेव्हा हे काम हलके आहे असे कृपया समजू नये.

व्होरूजवळच्या एका वाडीत हिलार नावाच्या सुताराने मला कोरले. दोन हिवाळे त्याने लाकूड छपराखाली सुकू दिले, आणि मगच त्याला हत्यार लावले. त्याचा मुलगा आइनार सैन्यात सार्जंट होता. मालीमधल्या दहशतवाद्यांशी लढण्यासाठी फ्रेंचांनी मदत मागितली होती आणि आमच्या एवढ्याशा देशाने पन्नास माणसे देऊ केली होती. त्या पन्नासांत आइनार होता. निघताना हिलारने मला त्याच्या पिशवीत लोकरी मोज्यांशेजारी खोचले.

"ओतायची घाई करू नकोस. दगड गप्प झाले की मगच दुसरं."

"ठाऊक आहे, बाबा."

"ठाऊक असलेलंच माणूस विसरतं."

मालीतल्या गाओ शहराच्या तळावर आमच्या लोकांनी झेंड्याचा खांब उभा केला आणि त्याच आठवड्यात मालाच्या खोक्यांच्या फळ्यांतून सौना बांधला. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन होते. फ्रेंच सैनिक येऊन पाहून जात आणि डोक्याशी बोट फिरवीत.

ते शनिवार मला अजून आठवतात. वाफेत अंगावर हलके आपटायच्या वाळलेल्या भूर्जाच्या डहाळ्यांच्या जुड्या घरून टपालाने येत. त्या पाण्यात भिजवल्या की वाळवंटात घरामागच्या रानाचा वास दरवळे. आत हुद्दा चालत नसे, शिवी चालत नसे, भांडण तर नाहीच. लेफ्टनंट उर्मो बाहेर साहेब आणि आत नुसता उर्मो. सगळ्यांत वरच्या फळीवर तावेत बसे. तो तुकडीतला थट्टेखोर, आणि गस्तीवर आइनारच्या लगेच मागे चालणारा.

आइनारचे काम सुरुंग शोधण्याचे होते. हातात यंत्र, कानांवर हेडफोन. जमिनीत लोखंड असले की कानात एक बारीक शीळ उमटे. ती ऐकत तो सर्वांत पुढे चाले आणि मागचे आठ जण त्याच्याच पावलांत पाऊल टाकीत. हे काम येणारा आमचा दुसरा माणूस आजारी पडून घरी गेला होता.

सहाव्या आठवड्यात तळाबाहेर जाताना आइनार बसला होता त्या पुढच्या गाडीखाली स्फोट झाला. जीव कोणाचा गेला नाही. आइनारचे कान दोन दिवस वाजत राहिले. तिसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना "बरं आहे" म्हणून सांगितले.

त्यानंतरच्या शनिवारी ओतण्याची पाळी त्याचीच होती. पहिले पाणी पडले आणि दगड फुसफुसू लागले. ते शांत होण्यापूर्वीच त्याने मला पुन्हा बुडवले. लगेच तिसऱ्यांदा. वाफ अंगाला चावली आणि माणसे पटापट खालच्या फळीवर उतरली.

"अरे, आम्हाला उकडून खायचा विचार आहे का, लेका?" तावेत म्हणाला. "दगड अजून बोलताहेत."

आइनारने दगडांकडे वळून पाहिले. माझ्या दांड्यावरची त्याची मूठ आवळली.

"बोलताहेत?"

कोणी हसले नाही. खालून उर्मोने विचारले, "तुला ऐकू येत नाही?"

"तुझं बोलणं येतं."

"मी दगडांचं विचारतोय."

आइनारने मला बादलीत सोडले.

"बारीक आवाज येत नाहीत," शेवटी आइनार म्हणाला. "आठ दिवस झाले."

"आणि या आठ दिवसांत चार वेळा तू पुढे चाललास."

"मी घरी गेलो तर फ्रेंचांकडे माणूस मागावा लागेल. आपण आलोच पन्नास, त्यात उसना माणूस? कोणत्या तोंडानं मागायचा?"

"तुझ्या मागे पहिला मी असतो," तावेत म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

उर्मोने तोंडावरचा घाम पुसला. "उद्या सकाळी मी मागतो. त्यांनी आपल्याकडे मागितलं तेव्हा त्यांना कुठे लाज वाटली होती?"

आइनारच्या जागी बास्तियाँ नावाचा फ्रेंच कॉर्पोरल आला. पहिल्या शनिवारी तो अर्धी चड्डी आणि टोपी घालून दारात उभा राहिला. तावेतने त्याला सांगितले, "टोपी राहू दे, बाकीचं काढ." आइनार घरी निघाला, पण मला त्याने तिथेच खुंटीवर ठेवले.

तीन महिन्यांत बास्तियाँने चार सुरुंग शोधले. पाचव्याने त्याचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. त्याच्या मागून चालणारे आठही जण घरी परतले. मला तावेतने घरी आणले.

ती बातमी कळल्यावर आइनारने वर्षभर सौना तापवला नाही. हिलार मात्र लाकडे फोडून भिंतीशी रचत राहिला. मग एके दिवशी बास्तियाँचे पत्र आले: "जूनमध्ये येतो आहे. सगळं काढायचा नियम अजून आहे ना? आता काढायला एक वस्तू वाढली आहे."

तो आला त्या दिवशी सौना तापला. बास्तियाँने कृत्रिम पाय बाहेर भिंतीला टेकवून ठेवला आणि आइनारच्या खांद्यावर हात टाकून तो आत आला.

"ती माझी जागा होती," आइनार म्हणाला.

"चार सुरुंग मला ऐकू आले. तुला त्यांतला एकही आला नसता. पाचव्यात लोखंडच नव्हतं, तो कोणालाच ऐकू आला नसता." बास्तियाँने मान खाली घालून घाम निथळू दिला. "माझा पाय तू नेलेला नाहीस. उगाच अंगावर घेऊ नकोस."

आइनारने मला उचलले आणि दांडा बास्तियाँपुढे केला. "आज तू ओत. किती आणि कधी, ते मी तुझ्यावर सोडलं."

त्यालाही आता चार वर्षे झाली. दर जूनमध्ये उर्मो, तावेत आणि बास्तियाँ इथे येतात. माझ्या बुडाचा तडा मात्र रुंदावला आहे. दगडांपर्यंत पोहोचेपर्यंत अर्धे पाणी जमिनीवर सांडते. हिलार नवे ओगराळे कोरतो आहे, आणि मला स्वच्छ पुसून दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगायचे असे घरात बोलणे चालले आहे.

माझी एकच विनंती आहे. मला टांगू नका. भिंतीवर कोरडे राहून पाहुण्यांना दाखवले जाणे मला सोसणार नाही. येत्या जूनमध्ये चौघेही जमतील, तेव्हा सौनाची भट्टी पेटवताना पहिल्या लाकडांबरोबर मला आत घाला. जुनिपर जळताना सुगंध येतो. जे हात मला ओळखतात त्यांना त्या दिवशी थोडी ऊब माझी मिळू दे.