गेनबांच्या सेटमधला वैजनाथ

रविवारी सकाळी नऊच्या आतच धायरीतल्या त्या मंगल कार्यालयासमोर रिक्षांची रांग लागायची. प्रत्येक रिक्षातून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी जपून उतरवलं जायचं. लांबून पाहणाऱ्याला आजाऱ्यांचं शिबिर वाटावं. चादरीत असायचे जुने ॲम्प्लिफायर, टेपडेक आणि स्पीकर. दारात दोन सेवक टोकन द्यायचे, सेट आत ‘शुद्धिकक्षा’त न्यायचे आणि मालकाला तासभर बाहेर चहा पीत बसवायचे.

मग नादसिद्ध योगेशजी यायचे. पांढरा झब्बा, कानात छोटी सोन्याची बाळी, आवाज मऊ. स्टेजवर एका टेबलावर एकेक जुना सेट मांडला जाई, शेजारच्या टेबलावर त्यांचा स्वतःचा नवा कोरा ‘सिद्ध संच’. योगेशजी जुन्या सेटवर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि मागच्या मालकाचं नाव सांगत. नुसतं नाव नाही, तो कोणत्या पेठेत राहत होता तेही. ज्याने सेट आणला त्यालाही ते माहीत नसे. मग सेट लावला जाई, आणि सभागृहाच्या अंगावर काटा येई. पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजे. गाणाऱ्याचा आवाज कुठून येतोय ते कळत नसे, जणू भिंतीमागून कुणी पोकळ तोंडाने म्हणतंय. मधल्या खुर्चीत बसवलेल्या मालकाचं डोकं जड होई. लगेच तेच भजन सिद्ध संचावर लावलं की पखवाज पोटात घुमायचा, आणि आयाबाया डोळे पुसायच्या.

“नवीन यंत्र कोरं असतं, माऊली. तान्ह्या बाळासारखं,” योगेशजी सांगत. “जुनं यंत्र तीस वर्षं दुसऱ्याच्या घरात नुसतं वाजत नव्हतं, ऐकत होतं. त्याची भांडणं, त्याचा खोकला, त्याचा शेवटचा श्वास. ती सगळी फ्रिक्वेन्सी आत बसलेली आहे. आपल्याकडे माणूस गेला की तेराव्याला त्याची गादी, छत्री, चपला दान करतात. सेट कुणी दान करतं का? सेट मुलगा विकतो. मग त्या जिवाने जायचं कुठे?”

यावर सभागृहात अपराधी शांतता पसरायची, कारण बापाचा सेट विकलेला एक मुलगा प्रत्येकाच्या ओळखीत होताच. हिंजवडीत दिवसभर संगणकाच्या चुका शोधणारी माणसंही इथे मान डोलवत होती. उपाय एकच होता. जुना सेट ‘अर्पण’ करायचा, म्हणजे मागच्या दाराशी उभ्या असलेल्या टेम्पोत ठेवायचा, आणि सिद्ध संच घरी न्यायचा.

माझ्या वडिलांचं, उत्तरेश्वरांचं, कसबा पेठेत जुने सेट दुरुस्त करून विकायचं दुकान होतं. बार्शीकडून ते विसाव्या वर्षी पुण्यात आले आणि शेवटपर्यंत त्याच दुकानात बसले. नव्या वस्तूंविषयी त्यांचं वाकडं नव्हतं. गिऱ्हाइकाला ते सांगायचे, नवीन घ्या, जुनं घ्या, पण दोन्ही एकाच आवाजावर ऐका आणि मग ठरवा. त्यांची एक पद्धत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते एक चिठ्ठी चिकटवायचे. सेट कुणाचा होता, कोणत्या पेठेतून आला, आत काय बदललं. पुढे कधी दुसऱ्या मेकॅनिकने उघडला तर त्याला कळावं म्हणून. गिऱ्हाइकांना त्या चिठ्ठीचा पत्ताही नसे. कोण कशाला झाकण उघडतंय?

गेल्या आषाढात सरुबाई दुकानात आल्या. धायरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या यजमानांनी, गेनबांनी, भजनं ऐकायला आमच्याकडून एक सेट नेला होता. वर्षभरात गेनबा गेले. योगेशजींच्या सभेत दाखवून आणलेला तो सेट टेम्पोत न ठेवता सरुबाईंनी रिक्षातून उतरवून दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “वैजनाथ कोन?”

बाबांनी खरं ते सांगितलं. सेट ज्यांचा होता ते. मागेच वारले.

“म्हंजी महाराजांनी सांगितलं त्ये खरं हाय. मेलेल्या मानसाची पेटी तू माझ्या घरात घातली. तुझ्या ह्या पेटीनं माझा मानूस खाल्ला.”

समोरचा बोहारी, शेजारचा कुलूपवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे ऐकत होते. बाबांनी सेट उचलून आत ठेवला. योगेशजींना ते नाव कसं कळलं, हा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. आयुष्यभर ज्याने झाकण फक्त दुरुस्तीसाठी उघडलं, त्याला दुसरा कुणी चोरीसाठी उघडेल हे सुचत नाही. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला विचारलं, “मागचा मालक कसा गेला, हे मी विचारायला हवं होतं का गं?”

ज्या माणसाने मला गणपतीचा नवससुद्धा कधी बोलू दिला नाही, तो हे विचारत होता.

गिऱ्हाईक तुटलं. बाबा दुकान उघडायचे, पण हात चालत नसे. आश्विनात ते गेले. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे. मी तेच खरं मानते. योगेशजींनी त्यांना मारलं असं म्हणण्याइतकी मी योगेशजींसारखी नाही. पण बाबांना मरताना स्वतःची शंका होती, आणि ती शंका कुणी पेरली ते मला माहीत होतं. मला न्याय वगैरे मोठं काही नको होतं. त्या माणसाचं तोंड भर सभेत बंद झालेलं पाहायचं होतं, आणि बाबांचं नाव जिथे खराब झालं तिथे ते पुसून हवं होतं.

दुकान आवरताना धागा सापडला. जुन्या सेटच्या जाहिराती बाबा फोनवर पाहत, तो फोन माझ्याकडे होता. त्यावर बेंगळुरूच्या कुणा विक्रेत्याची जाहिरात आली. दुर्मीळ, मूळ अवस्थेतला ॲम्प्लिफायर, एकच जपून वापरणारा मालक. सेट मी ओळखला, आमच्याच दुकानातून धायरीकडे गेलेला होता. आतली यंत्रणा दाखवायला झाकण उघडून फोटो काढला होता. झाकणावर जिथे बाबांची चिठ्ठी असायची तिथे खरवडलेला, स्वच्छ चौकोन होता.

म्हणजे ज्यात जीव अडकला म्हणून टेम्पोत टाकायला लावत होते, तोच सेट बेंगळुरूत मिरवत होता. आणि चिठ्ठी कुणीतरी वाचली होती.

मी श्यामसुंदर सरांकडे गेले. ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, बाबांचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक. सरांनी फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “नावाचं समजलं. आवाजाचं तिथे जाऊन ऐकावं लागेल. खोट्या चिठ्ठीत मेलेला कोण हवा आहे तुला?”

“जिवंत असेल असा कुणीतरी.”

“मग मला घे. पेन्शन सुरू आहे, पुरावा आहे.”

सरुबाईंनी टाकून दिलेला सेट दुकानात तसाच होता. दसऱ्याला गेनबांनी पूजा केली होती, त्याचा कुंकवाचा डाग पुढच्या बटणांखाली अजून होता. मी झाकण उघडलं, वैजनाथांची चिठ्ठी काढून जपून ठेवली आणि बाबांच्याच कागदावर, त्यांच्याच पेनाने दुसरी लिहिली. श्यामसुंदर, नारायण पेठ. माझं अक्षर त्यांच्यासारखंच आहे. मला ते वेगळं गिरवावं लागलं नाही.

पुढच्या रविवारी मी टोकन घेतलं, सेट शुद्धिकक्षात दिला आणि तासभर चहा प्यायले. सर तिसऱ्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत सरुबाई होत्या. त्या आता दर रविवारी सेवेला येत, बायकांना जागा दाखवत. मी त्यांच्या ओळखीची नव्हते.

माझ्या आधी तीन सेट झाले. दोन सेटांमधल्या जिवांनी नाव सांगितलं. तिसऱ्याचं नाव योगेशजींना धूसर दिसलं. तो सेट आमच्या दुकानातला नव्हता. ज्या पेटीत चिठ्ठी नसे तिच्यातल्या आत्म्याला स्वतःचं नाव आठवत नसे.

मग माझा नंबर आला. योगेशजींनी तळहात ठेवला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला.

“ताई, फार जड आहे. पुरुष आहे. नारायण पेठ. श्यामसुंदर. छातीत कळ येऊन गेलाय. जायचं नाही म्हणतोय.”

सेट लावला. तोच पत्र्याचा पखवाज, तोच पोकळ आवाज. मधल्या खुर्चीत बसून मी ऐकत होते. बाबांनी दुरुस्त केलेला सेट असा वाजूच शकत नाही, हे मला डोळे मिटूनही कळलं असतं.

“ऐकलंत? हा त्याचाच श्वास,” योगेशजी म्हणाले.

तिसऱ्या रांगेतून सर उठले. त्यांना उठायला नेहमी वेळ लागतो. “नमस्कार. मी श्यामसुंदर, नारायण पेठ. मागच्या महिन्यात जरा चक्कर आली होती, पण इतकं झाल्याचं मला कुणी कळवलं नाही.”

मागे कुणीतरी हसलं. सरांनी खिशातून पेन्शनचं ओळखपत्र काढून शेजारच्याच्या हातात दिलं. ते रांगेतून फिरू लागलं.

योगेशजी कच्चे नव्हते. “नाव एक, माणसं अनेक असतात, काका,” ते मऊपणे म्हणाले. “आणि कधी कधी यंत्र पुढचंही सांगतं. तब्येतीला जपा.” सभागृह परत गंभीर झालं. मी मनात म्हटलं, हा निसटतो आता.

तेवढ्यात सरुबाई स्टेजपाशी आल्या. सेटच्या पुढच्या बाजूला वाकून पाहत राहिल्या. कुंकवाच्या डागावर बोट ठेवलं.

“ही पेटी आमची हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी पुजली व्हती. म्हाराज, तुमी मला सांगितलं ह्यात वैजनाथ हाय. आता ह्यात ह्ये मास्तर हायेत म्हनता. मग वैजनाथ कुटं गेला?”

कुणीच हसलं नाही. योगेशजींनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्या क्षणाची मी महिनाभर वाट पाहत होते, आणि तो मला हवा तितकाच गोड लागला.

मी टेबलामागे गेले. एक सेवक आडवा आला, सरुबाई त्याला म्हणाल्या, “बाजूला हो.” तो झाला. स्पीकरच्या मागे तारा जोडायला प्रत्येकी दोन खुंट्या असतात, एक लाल, एक काळी. डाव्या स्पीकरच्या तारा बरोबर होत्या. उजव्याच्या उलट्या, लालच्या जागी काळी. मी त्या लोकांसमोर सोडवल्या, सुलट जोडल्या आणि तेच भजन लावलं. पखवाज घुमला. गाणारा दोन स्पीकरांच्या बरोबर मधे येऊन उभा राहिल्यासारखा वाटला.

मग मी शेजारच्या टेबलाकडे गेले, सिद्ध संचाच्या एका स्पीकरची तार उलटी केली आणि तो लावला. तान्ह्या बाळाचा पत्र्याचा डबा झाला.

“यात कोण मेलं, योगेशजी?” मी विचारलं. “हा तर आज सकाळी खोक्यातून काढलाय.”

सरांनी लोकांना समजावलं. दोन्ही स्पीकरचे पडदे एकदम पुढे यायला हवेत. एकाची तार उलटी लावली की एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि दोघं मिळून खर्ज गिळून टाकतात. डोकं जड होतं ते त्यानेच. शिवाय सिद्ध संच किंचित मोठ्याने लावलेला असतो. मोठं ते कानाला नेहमी चांगलं वाटतं. मी सेटचं झाकण उघडून माझी चिठ्ठी वाचून दाखवली, मग पर्समधली वैजनाथांची. बेंगळुरूच्या जाहिरातीचं सांगितलं तशी एका आयटीतल्या मुलीने ती फोनवर शोधली आणि तिचे काका ओरडले की आमचाच आहे हा, मागच्या महिन्यात अर्पण केलेला. लोक मागच्या दाराकडे गेले आणि टेम्पोसमोर उभे राहिले. पोलीस येईपर्यंत योगेशजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहून हात जोडले. मी नजर हटवली नाही, आणि हातही जोडले नाहीत. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रारीवर पहिली सही माझी आहे.

गर्दी पांगल्यावर सरुबाई सेटशेजारी बसल्या होत्या. मी कोण ते त्यांना सांगितलं. त्यांनी कुंकवाच्या डागावरून अंगठा फिरवला.

“मग ह्ये कशानं गेलं?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“हार्ट म्हनले. चार म्हयनं छाती दुखती म्हनत व्हते. मी म्हनलं वारं भरलं आसंल.”

मला त्या वेळी खूप काही बोलता आलं असतं. बाबांच्या ताटातला भात कसा तसाच राहायचा ते सांगता आलं असतं. मी एवढंच म्हटलं, “माझे वडीलही हार्टनेच गेले. सेटने कुणीच गेलं नाही.”

“तुजा बाप तर न्हाई आता,” त्या म्हणाल्या. “त्येला काय सांगू मी?”

“त्यांना नाही. ज्यांनी तुम्हाला ऐकलं त्यांना सांगा.”

बुधवारी भर दुपारी त्या कसबा पेठेत एकट्या आल्या. दुकानाच्या उंबऱ्यावर, बंद शटरसमोर उभ्या राहिल्या. समोरचा बोहारी, कुलूपवाला आणि चहावाला यांना त्यांनी नावाने नाही, हाताने बोलावलं आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या की ह्या जागेवर मी उत्तरेश्वर मेस्त्रीला खोटं बोलले, त्याची पेटी चांगली हाय आणि त्योबी चांगला व्हता. चहावाल्याने मान खाली घातली. मी शटर वर केलं.

वाचणाऱ्याकडे माझं एवढंच मागणं आहे. नवं घ्या की जुनं घ्या, तो तुमचा प्रश्न. पण समोरची वस्तू चमत्कार करू लागली की हात जोडण्याआधी तिच्या मागे जाऊन बघा. तारा बघा. झाकण उघडा, आणि ते आपल्याआधी कुणी उघडलं होतं का ते विचारा. विचारताना लाज वाटली तरी विचारा. तुम्ही विचारत नाही, तेव्हा त्याची किंमत दुसराच कुणी मोजतो. कधी एखादा मेकॅनिक, जेवणाच्या ताटावर, आपणच चुकलो का असं मुलीला विचारत.