मोहाखालची ड्यूटी

मोहर्लीजवळच्या आमच्या रिसॉर्टात पाहुण्यांना फक्त वाघ पाहिजे. भाजी आळणी चालते, नळाला पाणी नसलं तरी चालतं, पण वाघ दिसला नाही की तोंडं वाकडी. म्हणून मॅनेजर निकेश सरांनी एआय आणलं. कामगारांपैकी कोणालाही वाघ दिसला की रिसॉर्टच्या नंबरवर बोलून पाठवायचं. ते ऐकून यंत्र पाहुण्यांना कळवणार, सफारीच्या जिप्सी लावणार, आमच्या ड्यूट्याही तेच ठरवणार. मी रिसेप्शनवर. मला काम उरलं एकच, पडद्यावर येईल त्याखाली ‘मंजूर’ दाबायचं. पहिला आठवडा मी सगळं ऐकलं, वाचलं. नंतर कोण वाचतो!

एप्रिल लागला होता, मोहफुलं पडायचे दिवस. आमचा माळी वारलू आणि भांडीघरातली त्याची बायको सोमारी. ड्यूटीआधी ती गावाबाहेर मोह वेचायला जायची. एके दिवशी सकाळी सहाला पडद्यावर आलं, ‘वाघ. गावरस्त्याचा मोह. तीन जिप्सी पाठवू?’ मी चहा पितापिता मंजूर दाबलं.

अर्ध्या तासाने वारलू अनवाणी धावत आला.

“दीपिकाबाई, माणसं काऊन नाई धाडली? मी बोलून पाठवलं ना! सोमारी झाडावर हाये, वाघ खाली बसून हाये. तुमच्या गाड्यांनी त्याले घेरून टाकलं, तो जाईन कुठी?”

त्याचा निरोप मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यात ‘वाघ’ एकदाच होता. ‘वाचवा’ चारदा. मला माझीच शिसारी आली.

फॉरेस्टवाल्यांना फोन लावून मी वारलूच्या मागे रिसॉर्टच्या मोटरसायकलवर बसले. मोहाभोवती तीन जिप्सी. पाहुणे सीटवर उभे, कॅमेरे कधी वाघावर, कधी फांदीला कवटाळलेल्या सोमारीवर. एक बाई ओरडत होती, “ताई, इकडे बघा ना जरा!” असली माणसं पोटची पोरं कशी वाढवतात, देव जाणे. मी ड्रायव्हरांना शिव्या घालून गाड्या मागे घ्यायला लावल्या. वाट मोकळी झाली तसा वाघ उठला आणि नाल्यात उतरून गेला.

सोमारी खाली आली. तळहात सोलले होते. भीतीनं लुगडं ओलं झालेलं, आणि लोकांनी त्याचेही फोटो काढले होते. ती सांडलेली फुलं तेवढी टोपलीत भरत राहिली.

दुपारी निकेश सर हसतच आले. “दीपिका, पाहुणे जाम खूश! सगळ्यांनी पाच तारे दिले.”

पडद्यावर उद्याची ड्यूटी आली होती, ‘सोमारी. भांडीघर रद्द. मोह वेचणे, गावरस्ता, पहाटे पाच. मागणी: चौदा पाहुणे.’ खाली ‘मंजूर’.

“सर, हे वाचलं तुम्ही?”

“अगं, ती तशीही जातेच ना मोह वेचायला! आता ड्यूटीत धरू. दाबून टाक.”

सकाळी निरोप न ऐकता, न वाचता दाबणारी मीच होते, त्यांना कोणत्या तोंडानं बोलणार? मी सोमारीचं नाव खोडलं. तिथे ‘निकेश’ लिहिलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

“घ्या सर. तुम्हीच दाबा.”

सरांचं बोट अर्ध्यावर थांबलं. मग खुर्ची ओढून त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.