उशिरा पास झालेल्यांचा रकाना

शिक्षण खात्याच्या कचेरीत त्यांना सगळे ‘टक्केमास्तर’ म्हणत. नववीत किती मुलं आली आणि पुढच्या चार वर्षांत त्यातल्या किती जणांनी बारावीपर्यंतची शाळा पूर्ण केली, हे दरवर्षी मोजणं त्यांचं काम. एका वर्षी नववीत आलेली सगळी मुलं म्हणजे एक तुकडी. चार वर्षांत जमलं नाही, तो गळतीत, कायमचा! हा नियम मास्तरांनी इमानेइतबारे पाळला, आणि गंमत बघा, गळतीतलीच एक बाई त्यांच्या घरात सुखाने नांदत होती. त्यांची बायको! वडील अंथरुणाला खिळले म्हणून तिची शाळा शेवटच्या वर्षी सुटली होती.

लेक नोकरीला लागली तशी ही बारावीच्या परीक्षेला बसली. गणिताने दोनदा नाकी नऊ आणले. तिसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा तिने नवऱ्याला अंघोळीला जाता जाता अडवलं.

“अहो, पास! गणितातसुद्धा!”

“वा, वा!” म्हणून तेवढ्यावर थांबले तर ते मास्तर कसले? “फक्त आकड्यात तू धरली जाणार नाहीस हं. तुझ्या तुकडीचा हिशेब केव्हाच बंद झाला.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे एवढं घोकून मी अजून गळतीतच?”

काय बोलून बसलो, असं मास्तरांना झालं. नाश्ता तसाच ठेवून ते कचेरीला निघाले.

कचेरीत पोचल्या पोचल्या ते संचालकबाईंपुढे उभे राहिले. “उशिरा पूर्ण करणारेही मोजू या. जुन्या तुकड्यांचे आकडे दरवर्षी पुन्हा काढू.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “बायको पास झाली वाटतं?”

मास्तरांचे कान लाल झाले. “झाली. पण ती एकटी नाही, बाई. असे कितीतरी असतील. आपण कधी वळून पाहिलंच नाही.”

बाई हसल्या. “चार वर्षांचा आकडा आहे तसाच राहू दे. शेजारी नवा रकाना घाला.”

संध्याकाळी मास्तर धापा टाकत जिना चढले. “तुझ्या तुकडीचा आकडा वाढला!”

“कितीने?”

“एकीने.”

ती पोट धरून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मास्तरांनाही इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग तिने फोन उचलला आणि त्याच वर्षी शाळा सुटलेल्या, तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला लावला.

“अगं, ह्यांनी आपल्या तुकडीचा हिशेब पुन्हा उघडलाय. तू कधी बसतेस परीक्षेला?”