मधमाश्यांना सांगितलं, मला नाही

मी पियानो बोलतोय. होय, शाळेच्या अडगळीत, मोडक्या बाकांखाली दबलेला तोच.

जन्म माझा प्रागचा, पण आयुष्य गेलं डोंगराकडच्या या खेड्यात, क्रिश्तोफ मास्तरांच्या घरी. मास्तर दिवसा पोरांना शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि उरल्या वेळात माझ्यापाशी बसून स्वतःचं संगीत रचायचे. गावाला ते नको असायचं. "मास्तर, लेकीच्या लग्नात नाचायला पोल्का वाजवा हं! तुमचं ते रडगाणं नको," असं लोक तोंडावर सांगायचे.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आपोलेना. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"दादा, पुरे तुझं टुणटुण! इकडे खसखशीचे पाव करपले."

"पाव करपवायचे तू आणि बोल लावायचा माझ्या संगीताला!"

मास्तरांची एकच इच्छा होती, आपली एखादी रचना दुसऱ्या कुणीतरी वाजवावी. प्रागला पाठवलेली प्रत्येक रचना परत आली.

एका हिवाळ्यात मास्तर खोकून खोकून गेले. आमच्याकडे रीत आहे, घरचा धनी गेला की मधमाश्यांना सांगायचं, नाहीतर त्या झुरून मरतात. आपोलेनानं परसातल्या प्रत्येक मधपेटीवर टकटक केलं. "दादा गेला गं. आता तुम्ही माझ्या." गोठ्यात जाऊन गाईलाही सांगितलं. माझ्यावर मात्र कापड टाकलं आणि निघून गेली. मला ते फार लागलं. मी आपला मास्तरांची वाट पाहत राहिलो.

बर्फ वितळल्यावर ती आली. कापड काढून माझ्या झाकणावर टकटक केलं.

"दादा गेला रे. तुला सांगायचा धीरच होईना. आता तू माझा."

मग पिठाच्या हातानं, एका बोटानं चाचपडत, तिनं मास्तरांची शेवटची रचना वाजवली. समोर कागद नसताना, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाव उगीच करपत नव्हते तर!

पुढे रोज वाजवायची. मग एक दिवस आलीच नाही. चार माणसांनी मला उचलून इथे आणलं, वर बाकं रचली आणि कुलूप लावलं.

मला कळत नाही असं नाही. पण रीत ती रीत. कुणी इकडे आलात, तर झाकणावर टकटक करा आणि म्हणा, "आपोलेना गेली रे." 'आता तू माझा' नाही म्हटलंत तरी चालेल. नुसतं सांगा, म्हणजे मी वाट पाहणं सोडीन.