चिकटलेली चकती

होडी प्रवाळाच्या खडकापाशी पोचत आली तरी नेरेइदाच्या पाठीवर बांधायच्या हवेच्या टाकीच्या तोंडातली पितळी चकती काही हलेना. अकरा वर्षं मेक्सिकोतल्या कोसुमेल बेटाच्या समुद्रात पाहुण्यांना खाली नेऊन सुखरूप वर आणणारी ही बाई, आणि आज नेमकी एवढ्याशा चकतीपाशी अडली.

दोष तिचाच, म्हणून तर राग जास्त. टाकीतली हवा तोंडाशी आणणारे रेग्युलेटर बेटावर सगळ्यांचे पकडीचे. टाकीच्या तोंडावर शिकंजा बसवायचा, स्क्रू पिळायचा, झालं. समोरच्या किनाऱ्यावर, पाण्यानं भरलेल्या गुहांत उतरणारे लोक मात्र आट्यांचा वापरतात. तो टाकीच्या तोंडात पिळून आत बसतो, छताला घासला तरी निसटत नाही. नेरेइदाला आता तिकडे कामाला जायचं होतं. रोज तेच कासव दाखवून ती विटली होती. गुहांतल्या चमूची प्रमुख मिनेलिया, जिला सगळे आदरानं 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब म्हणत, आज तिचं काम बघायला मुद्दाम होडीवर आली होती. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! नेरेइदानं आट्यांचा नवा रेग्युलेटर घेतला आणि जुना मावसभावाला देऊन टाकला.

तोंडातली चकती काढली की बेटावरच्या टाकीलाही आट्यांचा बसतो, हे तिला ठाऊक होतं. पण चकत्या सारख्या हरवतात म्हणून टाक्या भरणाऱ्या गास्पारनं त्या गोंद लावून कायमच्या बसवल्यात, हे ठाऊक नव्हतं.

"ह्या गास्पारचं मुंडकं पिळायला हवं!" तिनं चकती पिळून काढायची एलन की आपटली.

"तेही चिकटवलेलंच असेल त्यानं," कॅप्टन विल्बेर्थ हसला. "किती झोंबशील? माझा पकडीचा घे."

"गप बसा हो, कॅप्टन! दोन्यांसमोर पकडीचा लावू?"

"मग काय, श्वास रोखून जातेस?"

सहा पाहुणे पायात पोहायचे रबरी पंख चढवून ताटकळत होते. तिनं दातओठ खात कॅप्टनचा जुनाट रेग्युलेटर चढवला आणि उडी मारली. तिचं काम बघायला दोन्या मिनेलियाही मागोमाग उतरली.

खाली मात्र तिचं काम नजर लागण्यासारखं झालं. प्रवाह जोराचा होता, एका पाहुण्याचा डोळ्यांवरचा काचेचा मुखवटा निसटला, तरी तिनं सहाही जणांना एकत्र, न घाबरवता वर आणलं.

"दोन्या, पकडीचा लावला म्हणून राग धरू नका," वर येताच ती म्हणाली.

"त्याचं मला काही नाही. पाण्यात तुझ्यासारखी मी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही."

नेरेइदाचा जीव भांड्यात पडला.

"पण टाकीला हात कधी लावलास, पोरी?"

"होडीत. इथं सगळे तसंच करतात. खडक येईस्तोवर जोडून होतं."

"आम्ही जमिनीवर जोडतो. दहा श्वास घेऊन बघतो, मगच पाण्याकडे वळतो. तू रेग्युलेटर तेवढा बदललास, सवय नाही."

"एकदाच चुकलं हो."

"आमच्या दोन माणसांचंही एकदाच चुकलं होतं," दोन्या मिनेलिया शांतपणे म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

नेरेइदाला ओरडावंसं वाटलं. गास्पारवर, कॅप्टनवर, ह्या आखडू म्हातारीवर. पण म्हातारी खरं बोलत होती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.