सिस्टरांचं घर आणि कारखान्याचा रंग

मित्रांनो, मी भोसरीतलं एक जुनं कॉन्व्हेंट आहे. कॉन्व्हेंट म्हटलं की तुम्हाला टाय लावलेली मुलं आठवतात. पण मी शाळा नव्हे हं! मी सिस्टरांचं, म्हणजे ख्रिस्ती नन्सचं, राहतं घर. इथे कारखाने येण्याच्या कितीतरी आधी गवंड्यांनी मला काळ्या दगडात आणि चुन्यात बांधलं. सिस्टरांनी ओसरीवर दवाखाना चालवला, जखमा बांधल्या, बाळंतपणं केली. लोक नाव काढायचे. पुढे मोठी इस्पितळं झाली, सिस्टर थकल्या आणि शेवटच्या दोघीही निघून गेल्या. मग दोन वर्षं इकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

त्यानंतर सिस्टरांच्या संस्थेला विचारून झुलेखाने इथे पाळणाघर काढलं. पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बायका तिच्याकडे पोरं सोडू लागल्या. प्रार्थनेच्या खोलीत पोरं लोळू लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेजारचे नंदकिशोरकाका मदतीला आले. सारी उमर कंपनीच्या मेंटेनन्समध्ये गेलेली. हातात ब्रश आला की माणूस खुशीत.

"झुलेखाताई, आमच्या वर्कशॉपमध्ये हा रंग मारला की वीस वर्षं बघायला नको," ते म्हणाले आणि कारखान्यात मारतात तो जाड, चकचकीत रंग त्यांनी माझ्या सगळ्या भिंतींना फासला. चुन्याची भिंत पावसात ओल पिते आणि उन्हात सोडते. तिची वाटच बंद झाली. एका पावसाळ्यात फुगे आले, पोपडे सुटले, आणि एका सकाळी चिमुकल्या माहेनूरच्या अंथरुणाशेजारी गिलाव्याचा तुकडा धपकन पडला.

पाहणीला महापालिकेच्या इंजिनीअर पद्मजा मॅडम आल्या. "इमारतीचं वय झालंय. धोकादायक म्हणून लिहावं लागेल. पाडावीच लागेल."

"मॅडम, चाळीस जणी पोरं घेऊन कुठं जातील? कामं सुटतील हो त्यांची!" झुलेखा म्हणाली.

काका पुढे आले. आता हेही माझ्या वयावर ढकलणार, असंच मला वाटलं. पण त्यांनी पटाशी मागितली आणि हातभर रंग खरवडला. रंगाबरोबर ओला गिलावा सुटून आला. मागे दगड आणि त्यांच्यामधला चुना जागच्या जागी घट्ट होता.

"मॅडम, भिंत ठणठणीत आहे. वाट मी लावली," काका म्हणाले. "चुन्याच्या भिंतीला कारखान्याचा रंग फासला आणि एका गवंड्याला विचारलं नाही. कागदावर माझं नाव लिहा, हिचं वय नको."

मॅडमनी भिंत ठोकून पाहिली, बराच वेळ. मग दुरुस्तीला तीन महिने दिले.

सध्या ज्योतीराम गवंडी काकांना चुना कालवायला शिकवतात आणि चुकलं की भरपूर बोलतात. काका मुकाट ऐकतात. एकेक खोली मोकळी करून ते रंग खरवडतात. पोरं शेजारच्या खोलीत झोपतात.

मित्रांनो, जुन्या गोष्टींची काळजी घ्या, एवढंच सांगून भागत नाही. काका काळजीच घेत होते. हात लावण्याआधी ती वस्तू कशाची आहे ते विचारा. आणि चुकलात तर मोठ्याने सांगा. माझ्यासारखी कितीतरी घरं माणसांच्या चुकांपायी पडली, आणि कागदावर कारण लिहिलं गेलं, वयोमान.