सरूबाईची नाळ

वेसाव्याच्या कोळीवाड्यात खाडीकडे तोंड करून बसलेलं एक घर एका भर दुपारी वळलं आणि शेजारच्या तुळशीदासाच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून बसलं. सहासष्ट सालची गोष्ट. ज्याला एवढंही पचत नसेल त्याने इथेच थांबावं, पुढचं याहून जड आहे.

घर घेतलं होतं जयवंतने. मूळ गाव कणकवलीच्या वर, पार डोंगराकडे. बाप गिरणीत होता, हा ट्रॉम्ब्याला ऑफिसात लागला. लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्या बदलत घाटकोपर झालं, मुलुंड झालं, नाहूर झालं. बायको नलिनी म्हणायची, "मी ट्रंकेतले कपडे बाहेर काढायचंच सोडलंय हो. पुन्हा घड्या कोण घालणार?"

तिला दिवस गेले तेव्हा तिने नवऱ्याकडे एकच मागणं केलं. बाळाची नाळ परक्याच्या अंगणात पुरायची नाही. जिथे नाळ पुरतात तिथे माणसाचा जीव गुंततो, असं तिच्या आईने सांगितलेलं. "उद्या मालक म्हणाला खोली खाली करा, तर नाळ काय उकरून न्यायची? आपलं घर बघा. नाहीतर मी नाहूरला दादाकडे बाळंत होते आणि तिथेच राहते."

ही धमकी नव्हती. नलिनी धमक्या देत नसे, सरळ निघून जात असे.

जयवंतचे साहेब शरच्चंद्र विलायतेला जाऊन आलेले. त्यांच्या टेबलावर तिकडच्या एका समुद्रकाठच्या गावाचा फोटो होता. चिमुकल्या घरांची रांग, समोर लाकडी बाक आणि बाकावर पाण्याकडे बघत बसलेलं एक म्हातारं जोडपं. साहेब सांगायचे, "तिकडे लोक जन्मभर राबतात जयवंत, आणि मग समुद्राजवळ घर घेतात."

"आणि साहेब, राबण्याआधीच घेतलं तर?"

साहेबांनी तिकडे तसं करताना कोणाला पाहिलं नव्हतं.

तर असा तो फोटो डोक्यात घेऊन जयवंत वेसाव्याला आला, तेव्हा सरूबाई आपलं घर विकायला बसली होती. नवरा चंदू वारलेला, लेक गोराईला दिलेली, ती आईला बोलावत होती. घर लहानच, पण दार उघडलं की खाडी. जयवंतला तिथल्या तिथे बाक दिसायला लागला.

सगळं ठरल्यावर सरूबाई म्हणाली, "घर इकलंय पोरा, पन नाळ नाय इकली. ती उंबऱ्याखाली पुरलीय. तिला हात लावायचा नाय."

नलिनीने पदर सावरला. "कोणाची नाळ, मावशी?"

"माज्या पार्वतीची. कोनाची असनार?"

"कुठे असते ती?"

"गेली गो. वादलात गेली. लय गुनाची व्हती. आमाला सगल्यांना पोसलान तिनं." सरूबाईने उंबऱ्यावरून हात फिरवला. "भरती आली का अजून उठाया बगते. तवा जराशी थोपटायची, मंग निजते."

वेसाव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाणी कापणारं. त्यामुळे ते कोणी फोडून सांगायचा प्रश्न नव्हता. आणि डोंगराकडच्या माणसाला नाळ एकच ठाऊक. त्यामुळे विचारायचाही प्रश्न नव्हता.

राहायला आल्यापासून नलिनीचा पाय उंबऱ्यावर ठरेना. भरतीचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की घराचे वासे करकरत, फडताळातल्या बश्या किणकिणत, पाटावर ठेवलेलं तांब्याचं भांडं हळूच एका अंगाला सरके. ती हातातलं काम टाकून उभी राही. "उठली बघा."

"कोण?"

"पार्वती. आईपासून दुरावलेली पोर, तिची नाळ इथे अडकलीय, ती जाईल कुठे? आणि माझं बाळ आल्यावर त्याची नाळ कुठे पुरू? तिच्या उरावर?" ती घरभर फिरायची. इथे बसली की तिथे जाऊन बसायची. ट्रंकेतले कपडे ट्रंकेतच. पुढे जयवंतही चहाचा कप हातात धरून फिरत पिऊ लागला.

शेवटी तिने सांगून टाकलं, "ती नाळ काढा नि गोराईला त्या माउलीकडे पोचवून या. नाहीतर मला नाहूरला पोचवा."

तेव्हा जयवंतने पहार घेतली आणि उंबरठा उचलला.

वीतभर माती काढल्यावर लाकूड लागलं. त्याने बाजूने उकरलं. लाकूड संपेना. शेजारी ओट्यावर जाळं विणत बसलेला तुळशीदास बघत होता, पण त्याला वाटलं, वाळवी बघत असतील, आणि तो जाळं उचलून घरात गेला. हातभर झालं, दोन हात झालं, शेवटी जयवंतच्या छातीएवढं काळंभोर वाकडं लाकूड बाहेर आलं, टोकाला शेंदराचा डाग.

नलिनीने वाकून बघितलं. "अहो, ही पार्वती होती तरी केवढी?"

लाकूड सागाचं होतं आणि जयवंतला फोटो आठवला. त्याने ते परसात नेऊन दोन दगडांवर आडवं ठेवलं. झकास बाक झाला.

अमावस्येची दुपार होती. उधाणाचं पाणी चढत होतं. नलिनी भात वाढत होती आणि तिच्या पाठीवर पडलेलं ऊन सरकत सरकत तिच्या तोंडावर आलं. शिंक्याने अर्धा फेरा घेतला. घर एकदा खोल करकरलं आणि थांबलं. तिने दार उघडलं तर खाडी नाही. समोर तुळशीदास बोंबलाच्या कालवणात भात कुस्करत बसलेला.

त्याने घास खाली ठेवला. "वयनी, जेवायला आल्याव का घर घेऊन?" मग तो उठून उभा राहिला. "आयला जयवंता, नाळ काढलास काय?"

तुळशीदासाने निरोप धाडला आणि सरूबाई दुसऱ्याच दिवशी गोराईहून तरीने आली. परसातला बाक बघून ती मटकन खालीच बसली, बाकावर नाही. मग सगळं उलगडलं. पार्वती ही चंदूची होडी. वादळात खडकावर फुटली, तेव्हा चंदूने तिच्या फळ्या गोळा करून हे घर उभारलं. डोलकाठीचं आढं केलं, फळ्यांचे वासे केले आणि नाळ खाडीकडे रोखून उंबऱ्याखाली पुरली. "तिला वाटावं, आपुन नांगरून उभ्या हाव," सरूबाई म्हणाली. "मोडली ह्ये तिला आमी कवा कलूच दिला नाय. तू सांगितलास."

नाळ पुन्हा पुरली, पण घर ऐकेना. रोज भरतीला ते वीतभर इकडे, वीतभर तिकडे. सरूबाईने थोपटून पाहिलं, नारळ वाहिला. "माजा आता नाय आयकायची. मी इकलाय ना तिला. तुमचं तुमी बगा."

जयवंत रोज ट्रॉम्ब्याहून परतला की आधी दार शोधायचा. नलिनीची ट्रंक भरलेलीच होती. दादाला निरोप गेला, टॅक्सी घेऊन ये. तो आला त्या दिवशी पुन्हा अमावस्या होती. टॅक्सी गल्लीत शिरेना, म्हणून दादा चालत घरापर्यंत आला, तोवर घर एवढं डोलत होतं की नलिनीला पायरीवर उतरता येईना. आणि तिथेच, दाराची चौकट धरून, तिला कळ आली.

नलिनीला निरोप द्यायला गोराईहून आलेल्या सरूबाईने सगळ्यांना बाहेर काढलं. पाणी ओट्याला लागलं होतं. आत दोन बायका, बाहेर जयवंत, दादा आणि तुळशीदास भिंतीला पाठ लावून घर धरून उभे. मुलगी झाली.

नलिनीने पडल्या पडल्या विचारलं, "मावशी, नाळ?"

"कुठं पुरू? नाहूरला नेतंस?"

नलिनीने आढ्याकडे पाहिलं. ते अजून करकरत होतं. "इथेच पुरा," ती म्हणाली. "तिच्या शेजारी. दोघींना सोबत होईल."

सरूबाईने उंबऱ्याखाली हात घालून, काळ्या लाकडाला टेकवून ती एवढीशी नाळ पुरली. पाणी आणखी चढलं, पण घर हललं नाही. टॅक्सीवाला दादाला तेवढं घेऊन परत गेला.

फक्त घर थांबलं ते होतं तिथेच. शरच्चंद्रसाहेब कौतुकाने समुद्र बघायला आले, तेव्हा त्यांना दारात बसवून चहा दिला. तासभर ते तुळशीदासाला जेवताना बघत बसले.

अमावस्येला वासे अजून जरासे कुरकुरतात. नलिनी कडेवरच्या मुलीला सांभाळत उंबऱ्यावर पाय ठेवते आणि म्हणते, "गप गं. कुठे जायचंय तुला?"